गुदमरलेल्या पेशींचं जुनं पाणी

लग्नकार्यात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी ‘तुम्ही काय करत होतात’ असं विचारलं, की मी ‘प्रयोगशाळेत होते’ एवढंच सांगते. त्यांना रक्त-लघवीची तपासणी वाटते. मग त्या आपल्या साखरेचा आकडा सांगतात, मी मान हलवते आणि दोघींचं जेवण सुखात होतं. एकदाच खरं सांगितलं होतं. म्हटलं, उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी बशीत वाढवायच्या, मग त्यांचा प्राणवायू काढून घ्यायचा, साखर तोडायची, आणि मरायला लागल्या की त्यांना वाचवता येतं का ते बघायचं, हे माझं काम. बाईंनी जिलबीची वाटी थोडी पलीकडे सरकवली आणि विचारलं, “आणि याला पेन्शन असतं?”

असतं. त्यावरच सध्या मी आहे.

दिवाळी अंकासाठी लिहायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच पडला, की ज्या धंद्याचं नाव ऐकून जिलबी दूर जाते, त्याबद्दल काय लिहावं. पण लकव्याचा झटका आलेला माणूस प्रत्येकाच्या नात्यात एक तरी असतो. तो माणूस बाजल्यावर पडलेला असतो तेव्हा त्याच्या डोक्यात जे चाललेलं असतं, त्याची छोटी नक्कल मी आयुष्यभर बशीत करत आले. म्हणजे विषय अगदीच परका नाही.

मेंदूकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी बंद पडली, की तिच्या पुढच्या भागाला प्राणवायू आणि साखर मिळेनाशी होते. यकृताजवळ साखरेचा साठा असतो, स्नायूंजवळ असतो. मेंदू मात्र आजचं आज खाणारा. साठा जवळजवळ शून्य. त्यामुळे ज्या भागाचा पुरवठा पार तुटतो, तिथल्या पेशी लवकर जातात आणि त्यांच्यासाठी फारसं काही करता येत नाही. पण त्यांच्या भोवती एक कडं असतं. तिथे शेजारच्या वाहिन्यांतून थोडं थोडं झिरपत असतं. त्या पेशी मेलेल्या नसतात आणि धड जगतही नसतात. रुग्णाला वेळेत दवाखान्यात न्या, मालिश करत बसू नका, असं डॉक्टर ओरडून सांगतात ते या कड्यासाठी. आमच्या बशीतल्या पेशी म्हणजे या कड्यातली माणसं.

मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत पेशी वाढवण्याच्या खोलीत माझी बरीच वर्षं गेली. पुढे रत्नागिरीतल्या एका शिक्षणसंस्थेने अशीच छोटी प्रयोगशाळा काढली, तेव्हा ती सांभाळायला मी परत आले. माझं माहेर आंजर्ल्याचं. तिथल्या लोकांना वाटलं, मुंबईत जमलं नाही म्हणून आली. मीही ते खोडलं नाही, कारण खोडायला लागलं की पेशी, बशी आणि जिलबी सगळं पुन्हा सांगावं लागतं.

मेंदूच्या पेशी वाढवणं म्हणजे तुसड्या पाहुण्याला घरात ठेवून घेणं. तापमान जरा इकडेतिकडे झालं की बिनसतं. बशी जोरात ठेवली तरी बिनसतं. त्या ज्या द्रवात राहतात त्याला पुस्तकात माध्यम म्हणतात, प्रयोगशाळेत मीडिया म्हणतात आणि मी पाणी म्हणते. त्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वं असतात आणि आम्लता कळावी म्हणून घातलेला एक रंग असतो. त्या रंगामुळे ते हुबेहूब कोकम सरबतासारखं दिसतं. एका उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी टेबलावरची बाटली बघून ‘नको, मला साखर चालत नाही’ असं नम्रपणे सांगितलं होतं.

हे पाणी दर काही दिवसांनी बदलावं लागतं, पण सगळं बदलायचं नसतं. अर्धं काढायचं, तेवढंच नवं घालायचं. पेशी त्या पाण्यात स्वतःहून काय काय सोडत असतात, आणि ते एकदम काढून घेतलं तर त्या रुसतात. कधी मरतातही. काढलेलं अर्धं मी टाकू देत नसे. गाळून, बाटलीत भरून, ‘जुनं’ अशी चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये. एखाद्या बशीतल्या पेशी सुकायला लागल्या, की त्यांना या जुन्यातलं थोडं दिलं तर बऱ्याचदा सावरतात. आपण कोकणातली माणसं. नारळाचं पाणी पितो, खोबरं खातो, करवंटीचा डवला करून आमटी वाढतो, वरची सोडणं चुलीत घालतो आणि फणस खाऊन झाल्यावर आठळ्या पावसाळ्यासाठी ठेवतो. पेशींनी वापरलेलं पाणी टाकून देणं माझ्या हाताला जमलंच नसतं.

आता वृद्धिघटक. या शब्दाने मला फार छळलं. ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी वाढणार. एका ब्यूटीपार्लरवाल्या बाई केसांसाठी विचारायला आल्या होत्या. त्यांच्याकडे त्याच नावाची एक बाटली होती आणि तिने काही होत नाही अशी तक्रार होती. एक बागायतदार आले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे हापूसवर मारायचं ते नव्हे.” मी म्हटलं, नव्हे. त्यांनी उठता उठता विचारलं, “मारून बघितलंय का कुणी?” शास्त्रज्ञाला शोभेल असा प्रश्न विचारणारे ते माझ्याकडे आलेले एकमेव पाहुणे.

वृद्धिघटक म्हणजे छोटी प्रथिनं. एक पेशी ती सोडते, दुसरी आपल्या अंगावरच्या कडीत ती अडकवून घेते. कडी हलली की आत निरोप जातो. गर्भात वाढताना तो निरोप ‘वाढ, फांदी काढ’ असा असतो, म्हणून हे नाव. संकटात मात्र निरोप वेगळा असतो. प्राणवायू आणि साखर तुटली की सगळ्याच पेशी धडपडून मरत नाहीत. बऱ्याच जणी आतूनच आवराआवर सुरू करतात, स्वतःला नीट मोडून टाकायची. वृद्धिघटकाचा निरोप पोचला तर ही आवराआवर थांबते, निदान लांबते. मधल्या वेळात रक्त परत आलं तर पेशी वाचते. म्हणजे तो घटक प्राणवायू आणत नाही की साखर आणत नाही. उपाशी पेशीला तो धीर देतो. ‘धीर’ हा शब्द एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधात लिहिला असता तर मी लाल शाईने खोडला असता. इथे चालेल.

एक कबूल केलं पाहिजे. बशीत पेशी वाचवणारी बरीच रसायनं माणसाच्या डोक्यात काहीच करू शकलेली नाहीत. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक चोख पहारा आहे आणि छोटी म्हटली तरी प्रथिनं त्यातून सहज जात नाहीत. शिवाय वेळेचं गणित चुकतं. बशीत आपण झटका कधी द्यायचा ते ठरवून देतो. माणसाला तो न सांगता येतो. या धंद्यात आयुष्य काढलं आणि एकाही आजाऱ्याच्या उशाशी आपलं काही ठेवता आलं नाही, ही खंत आहेच. त्यामुळे बशीतल्या यशावर कोणी फटाके लावायला लागलं की मी खिडक्या बंद करते.

फटाक्यांची आवड आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना होती. मनाने चांगले गृहस्थ. विज्ञानाबद्दल त्यांना खरा आदर आहे, फक्त तो लाल फितीशिवाय व्यक्त करता येत नाही. प्रयोगशाळेचं उद्घाटन त्यांनी दोनदा केलं. एकदा खोली रिकामी असताना आणि एकदा तिच्यात यंत्रं आल्यावर. यंत्र बिघडून दुरुस्त झालं तेव्हाही ते कात्री घेऊन येतील अशी मला धास्ती होती.

आणि सायली. ती दाभोळची. आई दाभोळच्या बंदरावर मासळी विकते, मोठा भाऊ मुंबईला नोकरीत. मुलगी बारीक, चपळ आणि हाताने फार शांत. पेशींना असा हात लागतो. ती पीएचडीला लागली तेव्हा मी तिला सांगितलं होतं, की आपल्या कामात यश म्हणजे फार तर एक बरा प्रश्न. ती म्हणाली, “आमच्याकडे जाळं टाकल्यावर पण तसंच असतं, मॅडम. रिकामं आलं तर जागा बदलायची.”

तिचं काम साधं होतं. बशीतल्या पेशींचं पाणी काढून बिनसाखरेचं पाणी घालायचं. बशा एका पारदर्शक डब्यात ठेवून डब्यातली हवा नायट्रोजनने हाकलायची. ठरलेला वेळ झाला की बाहेर काढून नेहमीचं साखरेचं पाणी परत द्यायचं. अर्ध्या बशांना या पाण्यातून एक वृद्धिघटक द्यायचा आणि उरलेल्या अर्ध्या बशांना काहीच नाही. दुसऱ्या दिवशी निळा रंग घालून बघायचं. जिवंत पेशी आपलं दार लावून असते, रंग आत घेत नाही. मेलेली दार उघडं टाकते आणि निळी होते.

पहिल्या खेपेला नुसत्या पाण्यातल्या बशा निळ्या झाल्या आणि वृद्धिघटक दिलेल्या बशांत बऱ्याच पेशी स्वच्छ राहिल्या. अध्यक्ष बघायला आले. निळं आणि बिननिळं एवढं त्यांना मिनिटात पटलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एका बातमीचा मसुदा आला. मथळ्यात लकवा होता, रत्नागिरी होती, अध्यक्षांचं नाव होतं आणि ‘औषध’ होतं. उंदीर मात्र कुठेच नव्हता. मी ‘औषध’ खोडून उंदीर घातला. मसुदा परत गेला आणि छापायचा राहिला. त्यांना उंदीर पसंत नसावा.

एकदा दिसलं म्हणजे झालं असं आमच्यात नसतं. तेच पुन्हा, वेगळ्या दिवशी, वेगळ्या पिल्लांच्या पेशींवर दिसावं लागतं. सायलीने पुन्हा केलं, आणि सगळ्याच पेशी वाचल्या. वृद्धिघटक मिळालेल्याही आणि न मिळालेल्याही. बाहेरच्या माणसाला यात आनंद वाटेल. सायली स्टुलावर बसून राहिली. काहीच न देता पेशी जगत असतील, तर देऊन जगलेल्यांचं श्रेय कशाला द्यायचं? तिने पुन्हा केलं. पुन्हा सगळ्या जगल्या.

महिन्याच्या शेवटी विद्यापीठाची समिती येणार होती. तिने ‘चालू ठेवा’ म्हटलं तर सायलीची शिष्यवृत्ती पुढे चालणार, नाहीतर काम तिथेच बंद. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कोळंबी गोठवण्याच्या एका कारखान्यात माल तपासायची नोकरी तिच्यासाठी तयार होती. आईने मिरजोळ्यात खोलीसुद्धा बघून ठेवली होती. नोकरी वाईट नव्हती. पण सायलीने कोळंबीचं नाव काढलं की तिचा आवाज बारीक व्हायचा.

अध्यक्षांना सगळं सांगितलं. ते जरा विचार करून म्हणाले, “पहिल्या खेपेचेच निकाल दाखवा की. ते काही खोटे नाहीत.”

“खोटे नाहीत,” मी म्हटलं, “अर्धे आहेत.”

“मॅडम, तुम्ही जन्मभर शंकाच घेत राहिलात.”

“मला पगारच त्याचा मिळतो.”

ते हसले. मग सायलीकडे वळून म्हणाले, की बेटा, तुझ्या भविष्याचा प्रश्न आहे, तूच ठरव. माणूस मनाने चांगला असला की असं अवघड वाक्य सहज बोलून जातो. ते गेल्यावर सायली बराच वेळ हातमोजे काढत होती. मग तिने विचारलं, पहिलेच दाखवले तर कोणाला कळेल का. मी म्हटलं, नाही कळणार. उद्या दुसऱ्या गावात कोणीतरी तुझं वाचून हेच करून बघेल, त्याच्या काहीच न दिलेल्या पेशीही मरणार नाहीत आणि त्याला वाटेल आपल्यालाच येत नाही.

“म्हणजे आत्ता माझं झालंय तसं,” ती म्हणाली. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

मी तिला म्हटलं, उद्या सगळं माझ्यासमोर कर. स्वयंपाक चुकला की आपण करतो तसं, पहिल्यापासून, काही न वगळता. ती म्हणत होती की काहीच बदललेलं नाही. तशीच पिल्लं, तोच डबा, तोच वायू. माझा अनुभव असा, की ‘काहीच बदललं नाही’ असं माणूस अगदी मनापासून म्हणतो तेव्हा नक्की काहीतरी बदललेलं असतं. मी खुर्ची ओढून बसले. तिने पाणी काढलं, बिनसाखरेचं घातलं, डबा भरला, वायू सोडला. सगळं बिनचूक. वेळ झाल्यावर बशा बाहेर काढल्या, फ्रीज उघडला आणि एक बाटली घेतली. बाटलीवर माझ्याच अक्षरात ‘जुनं’ लिहिलेलं होतं.

“हे का?”

“घाटात दरड आली होती ना, मॅडम. नव्या मीडियाचं पार्सल तिकडेच अडकलं. उरलेलं नवं पुरेना, म्हणून मी सगळ्याच बशांना हे देते. दोन्ही बाजूंना सारखंच दिलंय.” आणि वर, “तुम्हीच म्हणता ना, जुनं टाकायचं नाही.”

तिच्या गणितात काही चूक नव्हती. तुलना करायची तर दोन्हीकडे सारखंच वागायला हवं, आणि ती तसंच वागली होती. मुंबईत हा घोळ झालाच नसता. तिथे जुनं पाणी केव्हाच सिंकमध्ये गेलं असतं, नवं खालच्या मजल्यावरून आलं असतं, पहिला निकाल पुन्हा पुन्हा मिळाला असता आणि आम्ही सगळे खूश असतो. करवंटी न टाकणाऱ्यांच्या प्रयोगशाळेतच हे घडू शकत होतं.

कारण जुन्या पाण्यात काय होतं? ते ज्या बशांतून काढलं होतं, त्यात धडधाकट पेशी दिवसेंदिवस राहिल्या होत्या. मेंदूत मुख्य पेशींच्या आजूबाजूला आधारपेशी असतात, त्याही तिथे होत्या. या सगळ्या आपापले वृद्धिघटक पाण्यात सोडत होत्या. त्यात बहुधा आम्ही बाटलीतून विकत आणून घालत होतो तोही असणार. म्हणजे आम्ही भरलेल्या विहिरीत कळशी ओतून पाणी चढलं का ते बघत होतो.

पण हा तर्क. तर्काला समितीसमोर उभं करता येत नाही. सायलीनेच मार्ग काढला. एखाद्या प्रथिनाला घट्ट धरून ठेवणारी दुसरी प्रथिनं मिळतात, त्यांना प्रतिपिंड म्हणतात. आपल्या वृद्धिघटकाला धरणारा प्रतिपिंड जुन्या पाण्यात घालायचा. मग तो घटक पाण्यात असूनही पेशीच्या कडीपर्यंत पोचणार नाही. आता पेशी मेल्या, तर त्यांना आजवर त्यानेच वाचवलं असं म्हणता येईल. नाही मेल्या, तर जुन्या पाण्यात दुसरंच काहीतरी आहे आणि ते शोधायला वेळ नाही. मी एवढीच भर घातली, की काही बशांना असंबद्ध, म्हणजे आपल्या घटकाला न धरणारा प्रतिपिंड दे. त्या जगायला हव्यात. नाहीतर समिती म्हणेल, तुमच्या प्रतिपिंडानेच विषबाधा झाली.

मी या पेशी जगाव्यात म्हणून आयुष्यभर देव न मानता प्रार्थना केल्या आहेत. त्या मराव्यात म्हणून दोघींनी मिळून श्वास रोखण्याची ती पहिलीच वेळ.

रंग घालायच्या दिवशी सकाळी सायलीची आई आली. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला, तिथून एस.टी. बदलत बदलत. मिरजोळ्याच्या खोलीचं नक्की करायचं होतं आणि लेक इतकी वर्षं करते तरी काय ते एकदा बघायचं होतं. हातात सुक्या सोड्यांची पिशवी. ती मी बाहेरच्या खोलीत ठेवायला लावली. मी पिशवीकडे बघितलं तसंच माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “बाईंना वास येतो व्हय.” मी म्हटलं, मला आवडतो, पेशींना चालत नाही. हे त्यांना पटलं. त्यांनी पांढरा कोट घातला, चपला काढल्या आणि सायलीच्या मागे उभ्या राहिल्या.

सायलीने आधी असंबद्ध प्रतिपिंडाच्या बशा बघितल्या. स्वच्छ. मग दुसऱ्या घेतल्या. सूक्ष्मदर्शकावर वाकली ती उठेना. शेवटी तिच्या आईनेच विचारलं.

“काय गो, काय झालं?”

“मेल्या, आई.”

“कोन मेल्या?”

“पेशी. बघ. बहुतेक सगळ्या निळ्या.”

आईने डोळा लावला, बराच वेळ काही दिसलं नसावं, मग दिसलं. त्यांनी मान वर केली आणि लेकीच्या तोंडाकडे बघितलं.

“मेल्या तं हसतेस कशाला?” आणि माझ्याकडे वळून, “बाई, तुमी तरी सांगा. ही म्हनं जगवायला शिकत होती.”

मग आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. जमेल तसं, डबा, साखर, जुनं पाणी. त्यांनी मेलेल्या बघितल्या होत्या, आता जगलेल्या दाखव म्हणाल्या. त्या मात्र त्यांनी निवांत बघितल्या. जिवंत पेशींच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, बघायला सुरेख दिसतात.

“ह्या जगल्या त्या तुज्या औषदानं?”

“नाही गं. शेजारणींनी पाण्यात सोडलेलं होतं, त्याने.”

“मंग शेजारणीच सगळं करतात तं तुला पगार कशाला देतील?”

सायली हसायची थांबली. समिती नेमकं हेच विचारणार होती.

समितीच्या दिवशी अध्यक्ष मागच्या रांगेत येऊन बसले होते. सायलीने पहिली खेप दाखवली, दुसरी दाखवली, आपल्या पहिल्या निष्कर्षात काय राहून गेलं होतं ते सांगितलं आणि मग निळ्या बशा दाखवल्या. हेही सांगितलं, की त्या सगळ्याच्या सगळ्या मेल्या नाहीत, म्हणजे जुन्या पाण्यात आणखीही काही असणार. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. अध्यक्ष पंख्याकडे बघत होते.

समितीचे प्रमुख आधी स्वतःच्या परदेशातल्या प्रयोगशाळेबद्दल बोलले. ते संपल्यावर त्यांनी सायलीच्या आईचा प्रश्न विचारला, इंग्रजीतून आणि पुष्कळ जास्त शब्दांत. पेशी एकमेकींना वाचवत असतील तर तुमच्या घटकाची गरज काय?

सायली म्हणाली, “शेजार धडधाकट असतो तोवर गरज नसेल, सर. पण झटक्यात शेजारही उपाशी असतो. तो कधी देतो आणि कधी द्यायचं थांबतो, ते आपल्याला माहीत नाही. तो थांबतो ती वेळ कळली, तर बाहेरून केव्हा द्यायचं ते कळेल.”

प्रमुखांनी ‘हं’ असं म्हटलं. त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. त्यांच्या शेजारी एक वयस्क प्राध्यापक बसले होते. सकाळपासून ते एक शब्द बोलले नव्हते. चहाही घेतला नव्हता. मला वाटलं होतं, झोपले असावेत. ते आता सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलले. त्यांचं तोंड एका बाजूने किंचित ओढल्यासारखं होत होतं.

“उशिरा दिलं तर? जुनं पाणी. झटक्यानंतर बऱ्याच उशिरा दिलं, तर काही उपयोग?”

“माहीत नाही, सर,” सायली म्हणाली. “मी अजून केलेलं नाही.”

“का नाही?”

“सगळे लवकरच देतात, म्हणून मीही लवकरच दिलं. उशिराचं करायला हवं होतं. उशिरा येणारेच जास्त असतात.”

प्रमुख घड्याळ बघत होते. प्राध्यापकांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

“करता येईल?”

“येईल, सर.”

“मग करा,” ते म्हणाले.

त्यांनी शेऱ्याचा कागद उजव्या हाताने पुढे ओढला आणि लिहायला घेतलं. डावा हात मांडीवर पालथा पडलेला होता, सकाळपासून तसाच. पेनाबरोबर कागद टेबलावरून सरकायला लागला. त्यांनी थांबून तो जागेवर आणला, पुन्हा लिहायला लागले, पुन्हा तो सरकला. आम्ही सगळे सुशिक्षित लोक होतो, त्यामुळे सगळ्यांनीच दुसरीकडे बघितलं.

सायली पडद्याजवळून निघून टेबलाशी आली, आणि त्यांचं वाक्य लिहून पुरं होईपर्यंत कागदाचा कोपरा दोन बोटांनी दाबून उभी राहिली.